सिनेटरची सही, सरांची पाकिटं

"उत्तर वेळेवर येतंय, एवढ्यावरून उत्तर देणारा जागेवर आहे असं समजू नकोस," असं निसळसर म्हणाले होते आणि मंजुषा हसली होती.

हसू येण्यासारखंच होतं ते. १९९३ सालची गोष्ट. पुण्यात, एरंडवण्यातल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात सर स्टुलावर उभे होते आणि खिडकीच्या काचेला दोन कागद लावून बघत होते, डॉक्टर एक्स-रे बघतात तसे. दोन्ही कागद म्हणजे अमेरिकेच्या सिनेटमधल्या एका म्हाताऱ्या सभासदाची पत्रं. एक १९८८ चं, दुसरं १९८९ चं. सरांनी एकावर एक धरून सही सहीवर आणली आणि दोन सह्यांची एकच सही झाली. शेवटच्या शेपटीचा वळसासुद्धा केसभर इकडेतिकडे नाही.

"बघ. माणसाला तीच सही तंतोतंत दोनदा करता येत नाही. यंत्राला येते. म्हणजे या दोन पत्रांच्या आधीच कधीतरी हॅल्व्हर्सन खुर्चीवरून उठला आणि तिथे यंत्र बसलं."

"म्हातारा नीटनेटका असेल सर," मंजुषा म्हणाली. "तुमच्यासारखा."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तू पीएच.डी. करायला आलीयस की माझी चेष्टा करायला?"

"दोन्ही."

लॉइड हॅल्व्हर्सन हा काही जगाच्या तोंडी असलेला माणूस नव्हता. गव्हाच्या आणि बर्फाच्या एका लांबच्या राज्याचा सिनेटर. बाप घोडागाडीतून घरोघर दूध घालायचा. पोरगा शाळामास्तर झाला, लढाईवर गेला, एका कानाने बहिरा होऊन परतला, मग वकिली शिकला आणि १९६० साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निवडून आला. त्यानंतर दर सहा वर्षांनी येतच राहिला. भाषणं अशी करायचा की समोरचे पेंगायचे. बहिरा कान विरोधकांच्या बाकांकडे करून बसतो, असं लोक म्हणायचे. धान्य आणि पाणी यापलीकडे फारसा कशात पडायचा नाही. एकदा युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं, आणि काही वर्षांनी त्याच सभागृहात उभं राहून "मी चुकलो" एवढंच म्हणून खाली बसला. त्या दोन शब्दांपायी पुढची निवडणूक हरता हरता वाचला. पण एक गोष्ट त्याने कधी सोडली नाही. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर, आणि टाईप केलेल्या मजकुराच्या बाजूला, समासात, स्वतःच्या हाताने एखादी ओळ.

सरांनी त्याला पहिलं पत्र लिहिलं ते १९६६ साली. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. तिशीतल्या या प्राध्यापकाने सरळ सिनेटरला कळवलं, धान्याबद्दल आभारी आहोत, पण याची भाकरी थापली जात नाही आणि घशाखाली उतरत नाही. कॉलेजात सगळ्यांनी वेड्यात काढलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. समासात निळ्या शाईत लिहिलं होतं, "खरं लिहिलंत. मला इथे सगळे सगळं उत्तम चाललंय असंच सांगतात." तिथून पुढे बावीस वर्षं, वर्षाला दोन पत्रं. सर अमेरिकेला कधी गेले नाहीत. जायची गरजच काय, म्हणायचे, तो मनुष्य समासात भेटतो की.

आणि १९८८ पासून समास कोरे झाले. मजकूर येत राहिला, वेळेवर, सहीनिशी. पुढे अमेरिकन वर्तमानपत्रांतून हळूहळू कळलं की सिनेटरला झटका येऊन गेला होता, त्याचं बरंचसं काम कार्यालयातली माणसं उरकत होती, आणि विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, सिनेटरांची प्रकृती उत्तम आहे. १९९० साली लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. मंजुषाच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण हेच होतं. त्या वर्षांत मत कोण देत होतं, उत्तर कोण लिहीत होतं, आणि लोकांनी निवडून नक्की कोणाला दिलं होतं?

१९९४ च्या डिसेंबरात तिचं लग्न झालं. सुजीत दुबईत रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात अकाउंट्स बघायचा. निरोप घ्यायला ती सरांकडे गेली तेव्हा त्यांनी ती दोन पत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तिच्या हातात दिली. अस्सल पत्रं, झेरॉक्स नव्हे.

"दुबईला जा, चंद्रावर जा. तिसरं प्रकरण अर्धं सोडू नकोस. आणि शेवटचं आत्ता लिहायचं नाही. हा म्हातारा कधीतरी उतरेलच. त्या दिवशी तू इथे यायचं, या टेबलाशी बसायचं, मग लिहू आपण दोघं."

ते फोल्डर दुबईच्या करामा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या वर, एका खोक्यात गेलं. खोक्यात प्रबंधही होता. पहिली दोन प्रकरणं पूर्ण. तिसऱ्याची अकरा पानं.

सात वर्षं ती अकराच पानं राहिली. १९९६ मध्ये ईशानी झाली, आणि मंजुषाचं सगळं लक्ष त्या पोरीच्या श्वासाकडे लागलं. ती झोपली की नाकाखाली बोट धरून बघायचं. शाळेची बस पाच मिनिटं उशिरा आली की जिन्यात जाऊन उभं राहायचं. सुजीत म्हणायचा, "तू नं, सिक्युरिटीत नोकरी कर. सगळ्या मॉल्सना पुरून उरशील." तो गमतीने म्हणायचा, पण खरंच होतं. बघत राहणं हे तिचं कामच झालं होतं. विचार करणं मात्र कोणी तिच्याकडे मागत नव्हतं. करामामध्ये भेटणाऱ्या बायका चांगल्याच होत्या. आज काय केलंस विचारायच्या, फी किती वाढली विचारायच्या, ओला नारळ अडीच दिरहॅम, म्हणजे तेहतीस रुपये झाले की गं, म्हणून हळहळायच्या. पण सर चहा ओतता ओतता मध्येच थांबून विचारायचे ना, "बरं, तुझं काय मत?" ते विचारणारं कोणी नव्हतं. भर दुपारी, एसीच्या घरघरीत, भांडी घासताना तिला तो प्रश्न ऐकू यायचा आणि हात थांबायचा. तहान लागावी आणि पाणी दुसऱ्या देशात असावं, तसं.

पत्र टपालाने पाठवायचं म्हणजे भरवशाचं काम नव्हतं. घरावर टपाल येत नाही तिथे. जे येतं ते कंपनीच्या पेटीत, आणि कंपनीतून घरी येईतो महिना. फोन इतका महाग की अडीअडचणीलाच. म्हणून सगळे मराठी लोक करायचे तेच तीही करायची. सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती द्यायचं. तिथल्या मराठी मंडळाचं एक झेरॉक्स केलेलं मासिक पत्रक निघायचं, त्यात 'कोण जातंय?' असं सदर असायचं: कोण, कुठल्या गावी, कोणत्या तारखेला, बॅगेत किती किलोची जागा. ते सदर मंजुषाच जमवायची. तेवढं एक तिच्या शिक्षणाला शोभेलसं काम, असं सुजीतचं मत. तिचं मत कोणी विचारलं नव्हतं.

या नेण्या-आणण्याचा एक अलिखित नियम होता. वाईट बातमी बॅगेत भरायची नाही. गावाकडचे लोक सांगायचे, परदेशात एकटी आहेत, कशाला जिवाला घोर. इकडचे म्हणायचे, म्हातारी माणसं, कशाला काळजी. मंजुषाही तेच करायची. ईशानी दोन वर्षांची असताना तिला तापात आकडी आली, दोन रात्री हॉस्पिटलात काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी मंजुषाने जळगावला आईला लिहिलं, 'इकडे सगळं छान.' आणि सरांना प्रत्येक पत्रात, न चुकता, 'तिसरं प्रकरण होत आलंय.'

शेवटची भेट १९९९ च्या जुलैतली. सर निवृत्त झाले होते. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घर रंभाबाई सांभाळायच्या, वीस वर्षांपासून. त्या दिवशी सरांनी चहा ओतताना उजव्या मनगटाखाली डावा हात धरला होता. बशीत सांडलेला चहा त्यांनी पटकन बशीतूनच पिऊन टाकला. मंजुषाला दिसलं. तिला सगळंच दिसतं. पण ईशानी पुस्तकांच्या मांडणीवर चढू बघत होती, रिक्षा दारात उभी होती, आणि विचारायचं राहून गेलं. २००१ ची सुट्टी नागपुरात नणंदेच्या लग्नात गेली. पुण्याला जायचे दोन दिवस काढले होते, ते सत्यनारायणाला लागले.

२००२ च्या जानेवारीत पेपरात परदेशच्या पानावर चार ओळी आल्या. सिनेटर हॅल्व्हर्सन पुन्हा उभे राहणार नाहीत. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. बेचाळीस वर्षांनी, येत्या जानेवारीत सिनेट सोडतील. मंजुषाने कात्रण कापलं आणि फेब्रुवारीत मंडळातल्या उर्मिलावहिनी पुण्याला निघाल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये, सामानात नव्हे, पर्समध्ये ठेवायला लावलं. सोबत लिहिलं, 'सर, म्हातारा उतरतोय. टेबल पुसून ठेवा.'

तिची खात्री होती, सर दहा पानं लिहितील. ती दहा पानं तिला इतकी हवी होती की वहिनींच्या परतीच्या विमानाची वेळ तिने कॅलेंडरवर लिहून ठेवली.

मार्चमध्ये उत्तर आलं. पाच ओळी. 'प्रकृती उत्तम. उन्हाळा सुरू झाला आहे, ईशानीला जप. तुझं काम चालू ठेव. तिसऱ्या प्रकरणाची वाट पाहतो आहे.' खाली सही. कात्रणाबद्दल अवाक्षर नाही.

"सर कसे आहेत वहिनी?"

"छान आहेत की. अगदी छान."

"काय म्हणाले?"

"अगं, झोपले होते. बाई म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय. पण छान आहेत."

मंजुषाने स्वतःची समजूत घातली. वय झालं. अक्षर बारीक झालंय, मुंगीएवढं, पण ते कागद वाचवत असतील. मागच्या नोव्हेंबरात मंडळाच्याच सुरेशभाऊंनी आणलेलं पत्रही असंच बारीक होतं, 'दिवाळीच्या शुभेच्छा' आणि 'प्रकृती उत्तम'. मग तिला दिवस राहिले, पाचव्या महिन्यात रक्त दिसलं, आणि डॉक्टर शहनाझने तिला पलंगाला बांधल्यासारखी झोपवून टाकली. "बेटा, फ्लाइट का नाम भी मत लेना. बेबी आने तक ट्रॅव्हल खलास."

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, जेवणं व्हायची होती, तेव्हा केरू आला. सुजीतच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, संगमनेरचा. महिनाभर गावी जाऊन आला होता, आणि परतीचं विमान मुंबईहून असूनही वाकडी वाट करून पुण्यात सरांकडे जाऊन आला होता.

"ताई, आधी पानी द्या. भाईर नुसती भट्टी पेटलीया." त्याने खिशातून पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं. "हे तुमच्या मास्तरांचं. दिली वस्तू पोच."

मंजुषा सोफ्यावर आडवी होती, पोटावर हात ठेवून. "भेटले सर?"

"न्हाई. बाईंनी दारातच घेतलं तुमचं पार्सल. म्हनल्या, सर फिराया गेल्यात. म्हनलं, या पावसात?"

"मग?"

"मग काय. म्हनल्या, थांबा, तुमच्यासाठी पत्र ठेवलंय. टीव्हीखालचा खण उघडला त्यांनी. मला दारातनं दिसत होतं. आता ताई, मी अडानी मानूस, पन तुमच्या नावाची तीनचार पाकिटं होती की तिथं. एकसारखी. मी म्हनलं, समदीच द्या, मी नेतो, वजन काय हाय त्याला. तर म्हनल्या, न्हाई, एकच न्यायचं."

सुजीत आतून प्लेट घेऊन आला. "केरूभाऊ, जेवूनच जा. यल्ला, चला, बसा."

"जेवतो की. त्याच्यासाठीच तर आलो," केरू म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मंजुषा पाकिटाकडे बघत राहिली. सुजीतला तिने केरूला प्रेमाने वाढायला लावलं, तो गेल्यावर दार लावलं, आणि मग सुजीत "अगं, झोपून राहा" म्हणत असताना उठली. ऊन आत येऊ नये म्हणून खिडकीच्या काचेला चांदीचा कागद चिकटवलेला होता, जेवणाच्या डब्याला गुंडाळतात तसला. तिने त्याचा एक कोपरा नखाने सोलला. दुबईची दुपार एखाद्या पात्यासारखी आत आली. तिने नवं पत्र त्या उजेडात तिरकं धरलं.

'प्रकृती उत्तम. पाऊस बरा आहे. तुझं काम चालू ठेव.' आणि त्या ओळींच्या मधून, शाई नसलेल्या, कागदात नुसत्या दाबल्या गेलेल्या दुसऱ्या ओळी.

"ईशू, तुझी पेन्सिल दे गं."

ईशानी कार्पेटवर चित्र रंगवत होती. "विच वन?"

"मऊ असेल ती."

मंजुषाने पेन्सिल आडवी धरली आणि सरांच्या पत्रावर हलक्या हाताने फिरवायला लागली.

"ममा, यू आर स्पॉइलिंग इट," ईशानी घाबरून म्हणाली. "सर अंकल विल बी अँग्री."

करड्या रंगातून पांढरी अक्षरं वर आली. 'उन्हाळा सुरू झाला आहे, ईशानीला जप.' मार्चमधलं पत्र. ते या कागदाच्या वरच्या कागदावर लिहिलं गेलं होतं, त्याच वहीत, बॉलपेन जोर लावून दाबत. तिने मार्चचं पत्र काढलं, त्यावर पेन्सिल फिरवली. 'दिवाळीच्या शुभेच्छा.' म्हणजे दिवाळी, उन्हाळा, पाऊस, सगळं एका बैठकीत लिहिलं होतं. एकामागून एक पान उलटत. कदाचित एकाच दुपारी, हात चालतोय तोवर. आणि रंभाबाईंना सांगून ठेवलं असणार, दार वाजलं की एक द्या.

सर तिला निरोप देत नव्हते. खण देत होता.

आता नोव्हेंबरचं पत्र राहिलं होतं, सगळ्यात पहिलं. त्याच्या वर काही नसेल, असं वाटून तिने सहज पेन्सिल फिरवली. इथली अक्षरं मोठी होती, वाकडी, एकमेकांवर चढलेली. कधीच न पाठवलेलं, फाडून टाकलेलं एक पान. वरची ओळ तेवढी लागली.

'मंजुषा, खरं लिहायचं तर माझा हात'

पुढे नुसत्या रेघा होत्या.

ती खिडकीशी किती वेळ उभी होती कोण जाणे. ईशानीने येऊन तिचा गाऊन ओढला. "ममा, आर यू क्रायिंग?"

"नाही गं. ऊन लागलं डोळ्यांना."

मग तिने फोन लावला. पुण्यात तेव्हा संध्याकाळ होत आली असणार.

"हॅलो." रंभाबाईंचा आवाज.

"मी मंजुषा. दुबईहून."

"हां ताई. सर फिरायला गेलेत."

"रंभाबाई, खणात अजून किती पाकिटं आहेत?"

तिकडे मागे कुकरची शिट्टी झाली, आणि कोणीतरी खोकलं. जवळच. फिरायला गेलेला माणूस इतक्या जवळ खोकत नाही.

"दोन," रंभाबाई म्हणाल्या.

"सर तिथेच आहेत ना? त्यांना द्या फोन."

"ताई, मला शपथ घातलीया. तुमची अशी अवस्था, पोटात बाळ. ते म्हणाले, तिला काही कळता कामा नये."

"त्यांना कसं कळलं बाळाचं? मी कुठं लिहिलं होतं?"

"तुमच्या त्या वहिनी नाही का परत आल्या होत्या मे महिन्यात, त्या दारातूनच सांगून गेल्या, घाईत पाकीटही नाही नेलं. सरांना लई आनंद झाला. मान हलवली." रंभाबाईंचा आवाज खाली गेला. "आहेत ताई. आहेत सर. एवढंच सांगते." आणि फोन ठेवला.

मान हलवली. बोलले नाहीत, मान हलवली. मंजुषाने ते दोन शब्द रात्रभर उलटेसुलटे करून पाहिले.

"जानेवारीत जाऊ ना आपण," सुजीत म्हणाला. "डिलिव्हरी होऊ दे, बाळाचा पासपोर्ट होऊ दे. मी आजच लीव्ह अप्लाय करतो. प्रॉमिस."

"जानेवारीत हॅल्व्हर्सन उतरेल."

"मग त्याच्या टायमिंगलाच जाऊ की."

"आणि तोवर दोन पाकिटं आहेत, सुजीत. दोनच. संपली की काय?"

सुजीत म्हणाला, "तुझ्या आईला पाठवू या का पुण्याला? जळगावहून एक रात्रीचा तर प्रवास."

"आई जाईल. बघेल. आणि मला येऊन सांगेल, छान आहेत, तू बाळाकडे बघ." मंजुषा कसनुसं हसली. "तुझे बाबाही तेच सांगतील. उर्मिलावहिनींनी तर दोनदा सांगून झालंय. मला जीव लावणारा कोणीही मला खरं सांगणार नाही. मीसुद्धा सांगितलं नसतं. सात वर्षं कुठं सांगितलंय?"

"मग कोण सांगणार?"

तिने टीपॉयवरून मंडळाच्या पत्रकाचा कच्चा कागद ओढला. सप्टेंबरचं 'कोण जातंय?' तिलाच करायचं होतं. चौदा नावं आली होती, त्यातली पाच पुण्याची. दोघांना ती नावानेही ओळखत नव्हती. खोक्यातली अकरा पानं तिने खाली काढायला लावली, मांडीवर घेतली, आणि त्यांच्यावर कागद ठेवून लिहायला लागली. अक्षर दाबून येत होतं. खालच्या पानावर उमटत असणार, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

सप्टेंबरच्या पत्रकात, चौदा नावांच्या खाली, चौकटीत हा मजकूर आला:

*पुण्याला जाणाऱ्यांसाठी, विशेषतः जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. नेण्यासारखं सामान काही नाही, त्यामुळे किलो मोजायला नकोत.*

*एरंडवण्यात प्रा. प्रल्हाद निसळ राहतात. पत्ता खाली दिला आहे. तळमजला, हिरवं दार. रंभाबाई दार उघडतील आणि सर झोपलेत किंवा फिरायला गेलेत असं सांगून पाकीट देतील. पाकीट घेऊ नका. त्यांना म्हणावं, मंजुषाला खणाचं कळलंय, आता शपथ सुटली. आणि आत जा.*

*बसा. चहा आला तर घ्या. सरांचा हात कसा आहे ते बघा, पण बघितल्याचं दाखवू नका. ते बोलतात का, ओळखतात का, खुर्चीत बसतात की पलंगावर, खिडकी उघडी असते का, तेही बघा. मग त्यांना माझं एक वाक्य सांगा. मंजुषाने तिसरं प्रकरण लिहिलेलं नाही. अकरा पानं आहेत, सात वर्षं अकराच आहेत, आणि 'होत आलंय' असं ती प्रत्येक पत्रात खोटं लिहीत आली. आधी मी खरं सांगितलं, आता त्यांची पाळी.*

*मग विचारा, हॅल्व्हर्सन बेचाळीस वर्षांनी उतरतोय, तुमचं काय मत? जे म्हणतील ते तसंच्या तसं लिहून आणा. शब्द लागला नाही तर जेवढा लागला तेवढा. काहीच म्हणाले नाहीत, तर किती वेळ गप्प होते तेवढं लिहा. जमल्यास त्यांच्याकडून कागदावर एक सही घ्या, तुमच्या डोळ्यांदेखत. वाकडी आली तरी चालेल. वाकडीच हवी आहे.*

*परत आल्यावर मला 'छान आहेत' म्हणू नका. मला नववा महिना लागलेला असेल, घरचे तुम्हाला खुणा करतील, तरी म्हणू नका. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणूनच तुम्हाला विचारते आहे. तेवढं बघून याल का?*